३ जुलै १९९० : पंगतीचा हक्क
अमेरिकेतील न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने या दिवशी प्रिन्स्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे ‘आयव्ही’ आणि ‘टायगर इन’ हे भोजन-क्लब मुलींना खुले करायला लावले. विद्यापीठाने १९६९मध्येच मुलींना प्रवेश दिला होता. १८७९पासूनच्या आयव्हीच्या टेबलावर मात्र त्यांना जागा नव्हती. सॅली फ्रँक या विद्यार्थिनीने १९७९मध्ये तक्रार केली. वास्तू आमची, पंगतीला कोण बसेल ते आम्हीच ठरवू, हे क्लबांचे म्हणणे वरवर रास्त वाटते. कुणाच्या घरी कोण जेवेल हे सरकारने सांगू नयेच. पण प्रॉस्पेक्ट ॲव्हेन्यूवरच्या या वास्तू म्हणजे घरे नव्हेत. वरच्या वर्गांतले बहुतेक विद्यार्थी अशाच क्लबांत जेवत आणि त्यांच्या जेवणासाठी विद्यापीठ क्लबांवरच विसंबून होते. ‘कॉटेज’ या अशाच आणखी एका क्लबने तर १९८६मध्येच तडजोड करून मुलींना सामावून घेतले होते.