बूढापाऱ्यातील डे भवन : एका वास्तूचे मोल

जुन्या वास्तूचे मोल करू लागलो की आपली दृष्टी प्रथम तिच्या नक्षीकडे जाते. व्हिक्टोरिया राणीच्या काळात मुंबई-पुण्याच्या वेशीवर धनिकांनी बांधलेले बंगले या दृष्टीला सहज भुरळ घालतात. ससून घराण्याने १८६० च्या दशकात पुण्यात उभारलेले 'गार्डन रीच' हे त्यांतले ठळक उदाहरण. आपल्या रायपुरात एवढा थाट नव्हता. राजनांदगावच्या महंत घासीदासांच्या साह्याने १८७५ मध्ये उभी राहिलेली संग्रहालयाची अष्टकोनी इमारत हीच या गावाची त्या काळची मोठी हौस म्हणायची. तरीही त्याच दशकातील एक घर, बूढा तलावाजवळच्या बूढापाऱ्यातील 'डे भवन', मला या सर्वांहून अधिक मोलाचे वाटते.

या घराकडे जाण्यापूर्वी गाव समजून घेतले पाहिजे. भोसल्यांच्या अमदानीत बिंबाजीराजांचे ठाणे रतनपूरला होते. १८१८ मध्ये कॅप्टन अ‍ॅग्न्यू यांनी छत्तीसगढच्या कारभाराचे केंद्र रायपूरला आणले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला आणि न्यायालये, कचेऱ्या, शाळा यांमागोमाग परप्रांतीय सुशिक्षितांची एक नवी वसाहत येथे झाली. भोसल्यांच्या काळापासून स्थिरावलेली मराठी कुटुंबे होतीच. त्यांच्या शेजारी आता बंगाली वकील येऊन राहू लागले. दोघांच्या घरांची धाटणी मात्र वेगळी. मराठी वाडा आत पाहतो. चौक, तुळशीवृंदावन, ओसरी ही त्याची अंतःकरणे. बंगला बाहेर पाहतो. खांबांची पडवी, उंच छत, छताशी झरोके, झिलमिलीची दारे, म्हणजे उन्हाळ्यात तापलेली हवा वरून निघून जावी. 'बंगला' हा शब्दच बंगालातून आला, हे येथे सहज आठवते.

डे भवन हे रायबहादूर भूतनाथ डे या वकिलांचे घर. त्यांचे स्नेही, कलकत्त्याचे अ‍ॅटर्नी विश्वनाथ दत्त, १८७७ मध्ये कामानिमित्त रायपूरला आले आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांचे कुटुंबही आले. थोरला मुलगा नरेंद्रनाथ तेव्हा चौदा वर्षांचा होता. पुढे जगाने त्याला स्वामी विवेकानंद म्हणून ओळखले. आगगाडी १८६७ पासून नागपुरापर्यंत येत होती. तेथून पुढे रायपूरपर्यंत रूळच नव्हते. दाट अरण्यातून बैलगाडीने पंधरा दिवसांहून अधिक प्रवास झाला. त्या वाटेवर डोंगराच्या कपारीत लोंबणारे प्रचंड मोहोळ पाहून हा मुलगा देहभान विसरला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

नरेंद्रासाठी रायपुरात योग्य शाळा नव्हती. शिक्षिका म्हणून मला या वाक्यापाशी नेहमी थांबावेसे वाटते. वडिलांनी मुलाला घरीच शिकविले, आणि ते शिकविणे पाठांतराचे नव्हते. घरी विद्वान मंडळी जमत. मुलाने त्यांच्या चर्चेत बसावे, आपले मत मांडावे, वाद घालावा, असा विश्वनाथबाबूंचा आग्रह असे. बुद्धिबळ येथेच, स्वयंपाकाची गोडीही वडिलांकडूनच. दोन वर्षांनी कलकत्त्यास परतल्यावर बुडालेला अभ्यास वर्षभरात भरून काढून त्यांनी प्रवेश परीक्षा पहिल्या वर्गात दिली. शाळेविना गेलेल्या या दोन वर्षांना 'वाया गेली' म्हणण्याचे धाडस कोणता मुख्याध्यापक करील?

याच घराशी नाते असलेले दुसरे नाव मात्र रायपूरकर जवळजवळ विसरले आहेत. भूतनाथबाबूंचे चिरंजीव हरिनाथ डे यांचा जन्म १८७७ चा. बालपण व सुरुवातीचे शिक्षण रायपुरात. पुढे केंब्रिजचे ख्राइस्ट्स कॉलेज. १९०७ मध्ये कलकत्त्याच्या इंपीरियल लायब्ररीचे, म्हणजे आजच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे, ते पहिले भारतीय ग्रंथपाल झाले. चौतीस भाषांचे ज्ञान असल्याची त्यांची ख्याती होती, आणि १९११ मध्ये चौतिसाव्या वर्षीच ते गेले. विमानतळाला विवेकानंदांचे नाव आहे, बूढा तलावही आता विवेकानंद सरोवर म्हणविला जातो. हरिनाथांच्या नावाचा असा बोलबाला नाही.

दत्त कुटुंबाचा निवास याच घरात होता, हे गावाची व घराण्याची परंपरा सांगते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने परंपरा आणि कागदपत्रे यांतला भेद जपावा. पण परंपरा शिल्लक राहते ती वास्तूच्या आधाराने. भिंत पडली की आठवण कशाला टेकणार? अलीकडे या घराचे स्मारक करण्याची घोषणा शासनाने केली, त्याचे स्वागत आहे. मात्र स्मारकाच्या उत्साहात घर हरवू नये, ही माझी चिंता. त्या काळचे बांधकाम चुन्याचे असे. चुन्याची भिंत ओल घेते आणि उन्हात सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आत कोंडते व विटा झडू लागतात. चकचकीत फरशी, रंगीत दिवे आणि एक पुतळा म्हणजे जतन नव्हे. कलकत्त्यात विवेकानंदांचे जन्मघर रामकृष्ण मिशनने पडझडीतून सावरून २००४ मध्ये लोकांसाठी खुले केले. तो दाखला समोर ठेवता येईल.

कायद्याचे छत्रही अशा घरांवर सहसा पोहोचत नाही. केंद्राचा १९५८ चा कायदा राष्ट्रीय महत्त्वाच्या, शंभर वर्षांहून जुन्या स्मारकांचा विचार करतो. राहती घरे, त्यांची गल्ली, शेजार यांचा विचार करणारी नियमावली मुंबईने १९९५ मध्ये देशात प्रथम केली. बूढापारा, तात्यापारा, ब्राह्मणपारा येथील जुनी घरे दर दोन-चार वर्षांनी एकेक करून उतरतात, आणि त्यांचे लाकडी खांब व दारे भंगारात जातात. यंदाच्या हीरकमहोत्सवी वर्षात आठवी-नववीच्या मुलामुलींनी या तीन वस्त्यांतील जुन्या घरांची नोंदवही करायला घेतली आहे : मालकांच्या परवानगीने मोजमाप, दारे-खिडक्यांची रेखाचित्रे आणि घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकीकत. ती वही शाळेच्या ग्रंथालयात राहील; ज्या माजी विद्यार्थ्यांकडे आपल्या घराची जुनी छायाचित्रे असतील, त्यांनी ती प्रत काढण्यापुरती आमच्याकडे द्यावीत.