सोन्याचा शोध आणि डासांचा पहारा



सोन्याच्या शोधाची हकिकत इतिहासाच्या पुस्तकात आली, की तीत बर्फाचे घाट असतात, बुडालेल्या होड्या असतात, एका रात्रीत श्रीमंत झालेली आणि दुसऱ्या रात्री जुगारात सारे घालवून बसलेली माणसे असतात. हे सगळे खरेच आहे. पण जी माणसे प्रत्यक्ष तेथे गेली, त्यांना उन्हाळ्याचे तीन महिने रोज ज्या शत्रूशी झुंजावे लागले, तो या वर्णनांत सहसा येत नाही. तो शत्रू म्हणजे डास. आज मी तुम्हाला कॅनडाच्या वायव्य टोकाला, युकॉन नदीच्या खोऱ्यात नेणार आहे. माणसाने चावऱ्या किड्यांशी कसा सामना केला, त्यात कशाचा उपयोग झाला आणि कशाचा झाला नाही, हे तेथे फार स्पष्ट दिसते.

ऑगस्ट १८९६ मध्ये स्कूकम जिम नावाचा तेथला आदिवासी, त्याचा भाचा डॉसन चार्ली आणि मेहुणा जॉर्ज कार्मॅक या तिघांना क्लोंडाइक नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यात सोने सापडले. बातमी बाहेरच्या जगात पोहोचायला जवळजवळ वर्ष लागले. जुलै १८९७ मध्ये सोने घेऊन दोन आगबोटी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला लागल्या, एक सॅन फ्रान्सिस्कोला आणि दुसरी सिअ‍ॅटलला. मग काय विचारता! कारकून, शेतकरी, न्हावी, शिक्षक, सगळे निघाले. सुमारे एक लाख माणसे घराबाहेर पडली असे मानतात. त्यांतली तीस-चाळीस हजारच डॉसन या गावापर्यंत पोहोचली.

वर्षभर पुरेल एवढी शिधासामग्री बरोबर असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस सरहद्दीवरून आत सोडत नसत. हत्यारे, तंबू, कपडे धरून हे ओझे माणशी टनाच्या घरात जाई. व्यापाऱ्यांनी सामानाच्या याद्या छापल्या होत्या. त्यांत पीठ, डुकराचे खारवलेले मांस, कुदळ, करवत यांच्या जोडीला मच्छरदाणीचे कापडही असे. बर्फाच्या मुलखात जाताना मच्छरदाणी कशाला, असा प्रश्न पुष्कळांना पडला असेल. १८९८ च्या २९ मे रोजी सरोवरांवरचा बर्फ फुटला, सात हजारांवर होड्या डॉसनच्या दिशेने सुटल्या आणि जून उजाडताच या प्रश्नाचे उत्तर ज्याचे त्याला मिळाले.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या थंड मुलखात डास आलेच कोठून? याचे कारण जमिनीत आहे. त्या प्रदेशात बऱ्याच ठिकाणी जमीन खाली कायमची गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा थोडासा थर वितळतो. आपल्याकडे वळवाचा पाऊस पडला की पाणी जमिनीत मुरते. तेथे ते मुरायला वाटच नसते. वितळलेल्या बर्फाचे पाणी डबक्याडबक्यांनी वरच साचून राहते. तिकडच्या पुष्कळ डासांच्या माद्या आदल्या उन्हाळ्यात ओलसर जमिनीवर अंडी घालून ठेवतात. ती हिवाळाभर बर्फाखाली टिकतात आणि पाणी साचले की एकदम फुटतात. म्हणून तेथे डास एकेक करून येत नाहीत, ढगासारखे उठतात. १८८३ साली फ्रेडरिक श्वाट्का हा अमेरिकन लष्करी अधिकारी तराफ्यावरून युकॉन नदी उतरला होता. हे डास प्रसंगी अस्वलालाही जिवानिशी मारतात, अशी तिकडची समजूत त्याने नोंदवून ठेवली आहे. अस्वलाचे सोडा, माणसाची काय गत होत असेल ते यावरून ताडावे.

आणि डास एकटा नव्हता. त्याच्या जोडीला काळी माशी होती. ही ज्वारीच्या दाण्याएवढीही नसते, पाठीला कुबड असते. डास सोंड खुपसतो. ही माशी कातडीला कापा घेते आणि वर आलेले रक्त चाटते. कानामागे, मानेवर, टोपीच्या काठाखाली ती शिरते. चावताना फारसे कळतही नाही. रक्ताचा ओघळ आल्यावर ध्यानात येते. मच्छरदाणीच्या भोकातूनही आत येणारी चिलटे होती ती वेगळीच.

सोने शोधणाऱ्याचा धंदाही असा, की त्याला या किड्यांच्या घरातच जाऊन बसावे लागे. सोनारआळीतली माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी तुम्हाला ठाऊक असतील. क्लोंडाइकमध्ये काम त्याच जातीचे. हिवाळ्यात गोठलेल्या जमिनीवर जाळ करायचा, ती वितळली की खणायची आणि मातीचा ढीग बाहेर घालून ठेवायचा. उन्हाळ्यात ओढ्याला पाणी आले की ती माती थाळीत किंवा लाकडी पन्हळीत धुवायची. म्हणजे पाण्याचे दिवस तेच धुण्याचे दिवस आणि तेच डासांचे दिवस. जूनमध्ये तिकडे रात्र अशी पडतच नाही म्हटले तरी चालेल, तेव्हा काम लांबे आणि चावेही लांबत.

मग लोकांनी उपाय काय केले?

पहिला उपाय धुराचा. आपण गोठ्यात कडुलिंबाच्या पाल्याची धुरी करतो, तसेच ते विस्तवावर ओले शेवाळ नाहीतर हिरवा पाला टाकीत. जनावरेदेखील आपण होऊन धुरात येऊन उभी राहत. पण धूर एका जागी राहतो आणि माणसाला तर ओढ्यात काम करायचे असते. शिवाय दिवसभर धुरात बसले की डोळे चुरचुरतात, खोकला लागतो.

दुसरा उपाय जाळीचा. टोपीवरून जाळीची खोळ घ्यायची, ती गळ्याशी बांधायची, हातात मोजे घालायचे. चालताना हे ठीक होते. पण खोळीतून नीट दिसत नाही, आत उकडते, आणि सोन्याचा बारीक कण तर डोळ्यांनीच हेरावा लागतो. माती धुताना मोजे ओले होतात, म्हणून हात उघडे ठेवणे भागच पडे.

तिसरा उपाय अंगाला काहीतरी चोपडण्याचा. अमेरिकेतल्या एका जुन्या रानफिरस्त्याने, जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्सने, १८८४ साली एक कृती छापली होती. पाइन झाडाचे डांबर तीन भाग, एरंडेल दोन भाग आणि पुदिन्याच्या जातीच्या एका वनस्पतीचे तेल एक भाग, हे मंद विस्तवावर एकजीव करायचे, अंगाला चोळायचे आणि रानातून परत येईपर्यंत धुवायचे नाही. अंगावर रोगणासारखा थर बसला म्हणजे काम फत्ते! आपले घरगुती एरंडेल किती लांबवर नोकरीला होते पाहा. परंतु सतत पाण्यात असलेल्या हातांवर कुठलेही तेल टिकत नाही, ही अडचण राहिलीच.

चौथा उपाय मात्र कुठल्याही यादीत नव्हता आणि त्याला दमडीही लागत नव्हती. तो म्हणजे जागा पाहून मुक्काम करणे. डासाला वारा सोसत नाही. म्हणून दाट झाडीतला, आडोशाचा, मऊ गवताचा तळ दिसायला कितीही सुखाचा असला तरी टाळायचा आणि नदीपात्रातल्या उघड्या वाळूवर किंवा वारा खेळणाऱ्या उंचवट्यावर तंबू ठोकायचा. काळी माशी वाहत्या पाण्यात वाढते आणि दिवसा चावते; अंधारात ती उडत नाही, तंबूत सापडली तर चावण्याऐवजी उजेडाकडे धावते. डास साचलेल्या पाण्यात वाढतो आणि निवांत, दमट हवेत जोर करतो. हे ज्याला कळले, त्याला कोणत्या वेळी कोठे काम करावे हेही कळले. तिकडचे कॅरिबू नावाचे हरीण उन्हाळ्यात वाऱ्याच्या कड्यांवर आणि उरल्यासुरल्या बर्फावर जाऊन उभे राहते. जनावराला जे उपजत ठाऊक आहे, ते शहरातून आलेल्या माणसाला चावे खाऊन शिकावे लागले.

शास्त्राने पुढे यातल्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा केला. चावते ती मादीच, कारण अंड्यांसाठी तिला रक्त लागते. आपल्या श्वासातून निघणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडच्या मागावर ती येते आणि गडद रंगाच्या कपड्यांकडे अधिक ओढली जाते. अंगाला लावण्याचे खात्रीचे औषध मात्र उशिरा आले. अमेरिकन सैन्यासाठी १९४६ मध्ये ‘डीट’ तयार झाले आणि १९५७ पासून ते सामान्य लोकांना मिळू लागले. क्लोंडाइकची गर्दी ओसरून तोवर अर्धे शतक उलटले होते.

येथवर ऐकून तुम्हाला वाटेल, की हा सारा त्रासाचा मामला आहे, जिवाचा नाही. क्लोंडाइकपुरते ते बरोबर आहे. डॉसनमध्ये माणसे मेली ती टायफॉइडने आणि सकस अन्नाच्या अभावी होणाऱ्या स्कर्व्हीने. तिकडच्या थंडीत मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात पुरता वाढत नाही. तो डास रक्त पिऊन निघून जाई, मागे काही ठेवीत नसे.

आता तारखांकडे लक्ष द्या. सोन्याच्या आगबोटी किनाऱ्याला लागल्या जुलै १८९७ मध्ये. त्यानंतर पाचच आठवड्यांनी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, आपल्या देशात सिकंदराबादला रोनाल्ड रॉस या डॉक्टरला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला. जग सोन्याच्या बातमीने वेडे झाले होते; रॉसच्या शोधासाठी कोणी आगबोटीवर गर्दी केली नाही. पण लाखोंचे जीव कोणत्या शोधाने वाचले, याचा हिशेब तुम्हीच करा.

आपल्याकडे रानात धातू शोधणाऱ्यांना हा हिशेब चांगलाच ठाऊक होता. १९०३-०४ च्या सुमारास टाटांच्या पोलाद कारखान्यासाठी दोराबजी टाटा, त्यांचे आतेभाऊ शापूरजी सकलातवाला आणि वेल्ड नावाचे अमेरिकन भूशास्त्रज्ञ चांदा जिल्ह्याच्या रानात लोखंड शोधीत हिंडले. लोहाऱ्याचे लोखंड चांगले निघाले, पण कारखान्याला पुरेल इतके ते एके ठिकाणी नव्हते, म्हणून शोध पुढे गेला. सकलातवालांची प्रकृती मात्र खाणशोधाच्या त्या वर्षांत मलेरियाने खालावली. १९०५ साली ते विलायतेला गेले, तेथेच स्थायिक झाले आणि १९२२ साली ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद म्हणून निवडून आले. रानातल्या तापाचाही माणसाच्या चरित्रात असा वाटा असतो.

त्याच जुन्या चांदा जिल्ह्यातून १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. आजही महाराष्ट्रात मलेरियाचा जाच सर्वांत जास्त आहे तो गडचिरोलीच्या रानपट्ट्यात. तेंदूपाने आणि मोह वेचायला पहाटे रानात जाणारी, खाणीवर राबणारी माणसे तेथे आहेत. क्लोंडाइकच्या माणसापुढे होता तोच प्रश्न त्यांच्यापुढे आहे. फरक एवढाच, की येथे चुकीची किंमत तापाने मोजावी लागते. म्हणून येथे धुरीवर भिस्त ठेवून भागत नाही. औषध लावलेली मच्छरदाणी रात्री घेतलीच पाहिजे आणि ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घेतले पाहिजे.

शिक्षकांना एक सुचवतो. पावसाळ्यात वर्गातली मुले शाळेमागच्या डबक्याशी न्या. पाण्यात डासाच्या अळ्या दिसतील. ज्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडलेल्या असतात, त्या मलेरियाच्या डासाच्या जातीच्या. ज्या डोके खाली करून तिरप्या लोंबतात, त्या इतर डासांच्या. त्यांतलाच एक, डेंग्यूचा डास, घरातल्या रांजणातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. आपल्या उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा रांजण रिकामा करून, घासून, कोरडा करायचा. हा ‘कोरडा दिवस’ का पाळायचा, हे डबके पाहिलेल्या मुलाला वेगळे सांगावे लागणार नाही. घरी जाऊन तेच आईला सांगेल, आणि बहुधा रांजणही तेच पालथा घालील.