"रिमांड होममध्ये टाकीन" : एका धमकीचा इतिहास

"ऐकत नाहीस ना, थांब, रिमांड होममध्येच टाकते तुला!" हे वाक्य कानावर न पडता मोठी झालेली माणसं आपल्याकडे कमीच. पण मंडळी, ही नुसती धमकी नव्हती. कायद्यात तशी सोयच होती.

मुंबईत १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. पुढे १९२४ चा मुंबई बाल कायदा आला, मग १९४८ चा. आणि थेट १९८६ च्या बालन्याय कायद्यात कलम १७ होतं, आवरत नसलेल्या मुलांचं. आईबापाने मंडळापुढे तक्रार करायची की पोरगं आमच्या ताब्यात राहत नाही. मंडळाला पटलं की मूल निरीक्षणगृहात, आणि पुढची चौकशी नंतर. पोराने चोरी केलेली असायलाच हवी असं नाही. आईबापाचं ऐकत नाही, एवढं पुरायचं.

२००० च्या कायद्यात हे कलम गेलं. आता प्रश्न उलटा झाला: मुलाला आवरायला पालक असमर्थ असतील, तर त्या मुलाला संरक्षणाची गरज आहे. २०१५ च्या कायद्यात या व्याख्येतला 'नियंत्रण' शब्दही गेला आणि 'काळजी' आली. माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोठा बदल हाच.

खरं तर दुसरी वाट याच मुंबईत कधीच पडली होती. आज जिला आपण टिस म्हणतो, त्या संस्थेने १९३७ मध्येच बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलं होतं. पण ती वाट गावोगाव पोचली नाही. रिमांड होमचं नाव मात्र पोचलं.

सतत वाद घालणं, मुद्दाम उलट वागणं, डूख धरणं हे सहा महिन्यांहून जास्त चाललं, तर त्याला डॉक्टर 'ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर' म्हणतात. अमेरिकन निदानपुस्तिकेत हे १९८० साली आलं, आजचं नाव १९८७ ला मिळालं. त्याच सुमारास ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरात बसून निरीक्षणं केली. आई ओरडते, पोर दुप्पट ओरडतं, आई थकून सोडून देते. पोर शिकतं की ओरडलं की सुटका. एखाद्या दिवशी आई इतकी कडाडते की पोर गप्प होतं, मग आईही तेच शिकते. म्हणून उपचार आधी पालकांना शिकवण्यापासून सुरू होतो: सूचना एकच आणि छोटी, ऐकलं तर लगेच कौतुक, नाही ऐकलं तर आधी सांगितलेला लहानसाच परिणाम, आणि तो रोज तोच. मार नाही. (शाळेत तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने तो बंदच केलाय. आकडा तोच, बघा!) हट्टामागे अतिचंचलता किंवा वाचनाची अडचण आहे का, हेही तपासून घ्यावं लागतं.

आता आपल्या भागापुरतं. आपल्या किती शाळांत समुपदेशक आहे? सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, पुढच्या बैठकीत विचारा. आणि घरी फारच ताणलं असेल तर जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे, नाहीतर टेली-मानस, १४४१६. फोन मोफत आहे.