खोल तेलविहिरींच्या अतिबळकट पोलादी नळ्या

खनिज तेल व वायूच्या खोल विहिरींत वापरल्या जाणाऱ्या, अतिशय बळकट मिश्रपोलादाच्या जोडविरहित नळ्या. विहिरीच्या भिंतीला आधार देणारी, सिमेंटने पक्की बसवलेली बाहेरची नळी म्हणजे केसिंग. तिच्या आतून तेल-वायू वर आणणारी, गरजेनुसार बदलता येणारी नळी म्हणजे ट्यूबिंग.

खोलीबरोबर नळीचे स्वतःचे वजन, बाहेरून चेपणारा दाब आणि आतून फोडू पाहणारा दाब, तिन्ही वाढतात. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या ५सीटी मानकातील पी११० व क्यू१२५ या प्रतींचे पोलाद अनुक्रमे किमान ७५८ व ८६२ मेगापास्कल प्रतिबलापर्यंत कायमचे ताणले जात नाही. ही बळकटी आणण्यासाठी क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त पोलाद तापवून झटकन थंड करतात. मग पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात.

बळकटी वाढते तसा तडकण्याचा धोकाही वाढतो. विहिरीत हायड्रोजन सल्फाइड असल्यास गंजताना सुटा झालेला हायड्रोजन कठीण पोलादात शिरतो आणि ताणाखालील नळी अचानक तडकते. म्हणून अशा ठिकाणी कठीणपणावर मर्यादा घातलेली सी९० किंवा टी९५ ही प्रत निवडतात. मानवी सुरक्षिततेच्या दृष्टीने ही निवड निर्णायक ठरते, कारण नळी तडकल्यास बाहेर पडणारा हायड्रोजन सल्फाइड अत्यंत विषारी आहे.