दप्तरातला उपदेश

नोकरीत उत्कर्ष कसा साधावा आणि तो साधल्यावर सुखी कसे राहावे, हे शिकविणाऱ्या ग्रंथांची आज जी रेलचेल झाली आहे, तिचा उगम सॅम्युअल स्माइल्सच्या १८५९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेल्फ-हेल्प’मध्ये शोधण्याचा प्रघात आहे, परंतु आपल्या मुलखात कामकऱ्याला उपदेश करणारे वाङ्मय त्याहून पुष्कळ जुने आहे. हेमाद्रीच्या नावावर चालत आलेली मेस्तके कारकुनाला पत्रांचे मायने शिकवीत, आणि समर्थांनी तर दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला वाहिला. तरुणपणी हौसेने काढलेले अतिबारीक अक्षर म्हातारपणी कामास येत नाही, म्हणून ते मध्यम असावे. पानाच्या चहूबाजूंस कोरी जागा राखावी, म्हणजे कालांतराने कागदाच्या कडा झडल्या तरी मजकुरास धक्का लागणार नाही, हे त्यांचे सांगणे उमेदवार कारकून भरभर वाचून पुढे जाईल. ज्याने आयुष्यभर जुनी दप्तरे सोडली आणि बांधली, तो मात्र तेथे थबकेल.

याच जातीचा, पण अधिकाराने फार मोठा ग्रंथ म्हणजे ‘आज्ञापत्र’. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत बसलेल्या आणि जिंजीकडे निघताना राजाराम महाराजांनी ज्यांच्या हाती मुलूख सोपविला, त्या रामचंद्रपंत अमात्यांनी चार दशकांच्या चाकरीनंतर, १७१५च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी तो सिद्ध केला. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, एका झऱ्यावर भरवसा ठेवू नये, कारण झुंजाच्या प्रसंगी तोफांच्या आवाजाने झरे आटतात. आरमारास लाकूड हवे असले तरी रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, कारण ती झाडे लोकांनी लेकराप्रमाणे वाढविलेली असतात, आणि एखादे झाड जीर्ण झालेच असेल तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन मगच न्यावे. अशी कलमे वाचताना, पूर्वी कोठेतरी झरा आटला असेल आणि कोणा रयतेने कचेरीच्या दारात आक्रोश केला असेल, असे वाटल्यावाचून राहत नाही.

स्माइल्सही अनुभवी गृहस्थ होता. रेल्वे कंपनीची चिटणिशी सांभाळून तो लिहीत असे, आणि आपल्या ग्रंथाच्या नावामुळे तो स्वार्थाची स्तुती करतो असा लोकांचा ग्रह होतो, ही खंत त्याने पुढच्या आवृत्तीत नमूद केली. त्याच्या अनुयायांनी ती फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. त्यांच्या पुस्तकांत माणूस सतत वर चढत असतो. तो कोणते काम करतो, ते काम बिघडते कसे आणि निस्तरावे कसे, याचा पत्ता लागत नाही.

कचेरीत केस पिकलेल्या वाचकाने या नव्या पुस्तकांवर पैसे खर्चण्यापूर्वी आज्ञापत्रातील दुर्गप्रकरण आणि आरमारप्रकरण एकवार सावकाश वाचावे.