काटेसावर ते टी ट्री : पुटकुळीच्या औषधाचा इतिहास आणि ‘कशावरून?’ हा प्रश्न

(गोंदिया येथील सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आणि बोलणार कशावर, तर तोंडावरच्या पुटकुळ्यांवर! पण या विषयाकडे मला एका प्रश्नाने ओढलं. माझी नात अकरावीत आहे. मागच्या हिवाळ्यात ती हातात एक बोटभर उंचीची तपकिरी बाटली घेऊन आली आणि म्हणाली, “आबा, हे टी ट्री ऑइल. सगळ्या मैत्रिणी लावतात. लावू का?” मी सवयीने विचारलं, “कशावरून गुण येतो म्हणतात?” ती म्हणाली, “सगळेच म्हणतात.”

मी चाळीसेक वर्षं पोरांना न्यायशास्त्र शिकवलं, पण त्या क्षणी मलाही उत्तर देता आलं नाही. ते शोधायला बसलो आणि हा सगळा इतिहास समोर आला.

सुरुवात माझ्याच चेहऱ्यापासून करतो. माझं बालपण अर्जुनी मोरगावच्या बाजूला गेलं. सोळा-सतरा वर्षांचा असताना माझा चेहरा पुटकुळ्यांनी भरून गेला होता. दंडार बघायला जायची सुद्धा लाज वाटायची. पोरं चिडवायची. आजीने काटेसावरीच्या खोडावरचे काटे काढून आणले, दुधात उगाळले आणि म्हणाली, “लाव गा बाबू, तीन दिवसांत जाते.” मी तीन दिवस लावलं, तीस दिवस लावलं. पुटकुळ्या गेल्या, पण त्या कॉलेज संपता संपता! आजी मात्र शेवटपर्यंत सांगायची की काट्यानेच गुण आला.

पुढे प्राध्यापक झाल्यावर सुश्रुतसंहिता चाळताना मी एका जागी थबकलो. सुश्रुताने क्षुद्ररोगांमध्ये, म्हणजे किरकोळ रोगांमध्ये, ‘मुखदूषिका’ सांगितली आहे. तरुणांच्या तोंडावर कफ, वात आणि रक्त यांच्यामुळे उठणाऱ्या पुळ्या. त्या दिसतात कशा? तर शाल्मलीच्या काट्यांसारख्या. शाल्मली म्हणजेच आपली काटेसावर. सावरीचं कोवळं खोड ज्याने पाहिलंय त्याला ही उपमा किती नेमकी आहे ते लगेच कळेल. बुडाशी रुंद, टोकाला अणकुचीदार, दाटीवाटीने उठलेले ते काटे!

आता गंमत पाहा. सुश्रुताच्या उपचारात हे काटे नाहीत. तिथे वमन आहे, आणि वेखंड, लोध्र, सैंधव, मोहरी, धणे अशा द्रव्यांचे लेप आहेत. काटे तिथे फक्त उपमेपुरते येतात. पण पुढच्या शतकांतल्या संग्रहग्रंथांत तेच काटे दुधात वाटून तोंडाला लावायला सांगितलेत, आणि तीन दिवसांत चेहरा कमळासारखा होईल असं आश्वासनही दिलंय. माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण तिचे ‘तीन दिवस’ कुठून आले ते मला तेव्हा कळलं.

म्हणजे जी वस्तू रोगासारखी दिसत होती, तीच रोगाचं औषध ठरली. असं का झालं असावं? माझा तर्क असा, की साम्यावरून माणसाचं मन कारणाकडे उडी मारतं. युरोपातही हीच समजूत होती. अक्रोडाचा गर मेंदूसारखा दिसतो म्हणून तो डोक्याला चांगला, असं तिथले वैद्य मानत.

आपल्या नैयायिकांनी या ठिकाणी सावध केलं होतं. गौतमाच्या न्यायसूत्रांत चार प्रमाणं आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. उपमानाचं उदाहरण शाळेतल्या पाठासारखं ठरलेलं. गावातल्या माणसाने गवय कधी पाहिला नाही. रानातला माणूस त्याला सांगतो, ‘गवय गाईसारखा असतो.’ मग हा रानात जातो, तसा प्राणी बघतो आणि ओळखतो, ‘हाच तो गवय.’ नागझिऱ्यात गवा पाहिलेल्यांना हे उदाहरण नव्याने सांगायला नको. पण लक्षात घ्या, उपमानाने काय मिळालं? कोणत्या वस्तूला कोणतं नाव, एवढंच. गव्याला गाईसारखी धार काढता येईल, हे त्यावरून सिद्ध होत नाही. काट्यासारखी पुळी म्हटल्याने पुळी ओळखता येते. ती काट्याने जाईल की नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला वेगळं प्रमाण लागतं.

मग आजीचा अनुभव? मी बरा झालोच ना? इथे आपल्याकडे काकतालीय न्याय आहे. कावळा ताडावर बसला आणि त्याच वेळी फळ पडलं. पुटकुळ्यांच्या बाबतीत हा कावळा फार फसवतो. वयात येताना संप्रेरकं वाढतात, त्वचेखालच्या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात, केसाच्या मुळाशी असलेलं छिद्र मृत पेशींनी बुजतं, आत जिवाणू वाढतात आणि सूज येते. हे चढउतार होतच राहतात. पुळ्या सगळ्यात जास्त असताना आपण औषध शोधतो आणि त्यानंतर बहुतेक वेळा त्या थोड्या उतरतातच. त्या वेळी जे काही लावलेलं असेल त्याला श्रेय मिळतं. बऱ्याच जणांच्या वयाच्या पंचविशीपर्यंत पुटकुळ्या ओसरतात. म्हणून या रोगाला जगात सगळीकडे शेकडो औषधं आहेत.

आता त्या तपकिरी बाटलीकडे येऊ. पहिली गोष्ट, हे चहाचं तेल नव्हे. आसामच्या चहाशी त्याचा संबंध नाही. अठराव्या शतकात कॅप्टन कुकच्या खलाशांनी दक्षिणेकडच्या बेटांवर काही झुडपांची पानं उकळून चहासारखी प्यायली. त्यावरून ‘टी ट्री’ हे नाव पडलं आणि अशा बऱ्याच झाडांना चिकटलं. आपलं तेल येतं मेलाल्युका अल्टर्निफोलिया या झाडापासून. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागात, पाणथळ जागी ते उगवतं. कुळ म्हणाल तर जांभळाचं! जांभूळ, पेरू, लवंग, निलगिरी ही सगळी त्याची भावंडं. आपल्याकडे जुन्या लोकांना ठाऊक असलेलं कायापुटीचं तेल तर त्याच्या सख्ख्या भावाचं.

त्या मुलुखातले मूळ रहिवासी बुंजलुंग लोक. ते ही पानं चुरून खोकल्यावर हुंगायचे, जखमेवर बांधायचे. १९२०च्या दशकात सिडनीच्या टेक्नॉलॉजिकल म्युझियममधले रसायनतज्ज्ञ आर्थर पेनफोल्ड यांनी तेल काढून तपासलं. त्या काळी जंतुनाशकाचं माप म्हणजे कार्बोलिक आम्ल. शस्त्रक्रियेत लिस्टरने वापरलेलं तेच. पेनफोल्डच्या मोजणीत हे तेल कार्बोलिकच्या अकरा पट प्रभावी ठरलं. काही वर्षं तेल चाललं. मग पेनिसिलीन आलं, प्रतिजैविकं आली आणि ते मागे पडलं. १९७०नंतर नैसर्गिक वस्तूंची ओढ वाढली तसं ते परत वर आलं.

पण काचेच्या नळीत जंतू मेले म्हणजे चेहरा बरा झाला असं नव्हे. नळीत जंतू तर फिनेलनेही मरतात. म्हणून माझ्या दृष्टीने या इतिहासातलं खरं महत्त्वाचं वर्ष १९९०. त्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात सिडनीच्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला. १२४ रुग्ण. निम्म्यांना ५ टक्के टी ट्रीचं जेल, निम्म्यांना ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड, जे पुटकुळ्यांवरचं नेहमीचं औषध आहे. कोणाला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, आणि तपासणाऱ्या डॉक्टरला कोण काय लावतंय हे माहीत नव्हतं. तीन महिन्यांनी दोन्ही गटांत पुळ्या कमी झाल्या. टी ट्रीचा गुण उशिरा आला. मात्र कोरडेपणा, आग, खाज असे त्रास टी ट्रीच्या गटात ४४ टक्के लोकांना झाले आणि दुसऱ्या गटात ७९ टक्क्यांना.

इथे विद्यार्थ्याने हात वर केला पाहिजे. “सर, दोन्ही गट वेळ गेल्यानेच बरे झाले नसतील कशावरून?” बरोबर! नैयायिक याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. औषध आहे तिथे गुण आहे, एवढं पुरत नाही. औषध नाही तिथे गुण नाही, हेही दाखवावं लागतं. ते काम २००७ साली इराणमधल्या इस्फहानच्या डॉक्टरांनी केलं. ६० रुग्ण, ४५ दिवस. अर्ध्यांना ५ टक्के टी ट्रीचं जेल, अर्ध्यांना तसंच दिसणारं पण तेल नसलेलं जेल. तेलवाल्यांच्या पुळ्या स्पष्टपणे जास्त कमी झाल्या.

म्हणजे नातीला उत्तर मिळालं का? अर्धं. सौम्य आणि मध्यम पुटकुळ्यांवर ५ टक्के टी ट्रीचा थोडाफार, हळू येणारा गुण दिसलेला आहे. अभ्यास लहान आहेत. गाठी, पू, खड्डे पडणाऱ्या पुळ्यांना हे औषध नव्हे. तिथे त्वचारोगतज्ज्ञच गाठायला हवा.

पण माझं उत्तर तयार होईपर्यंत नातीने वाट पाहिली नाही. बाटलीतलं तेल थेट कापसाने गालावर लावलं. दुसऱ्या दिवशी गाल लाल, चौथ्या दिवशी खपल्या. आठवडाभर ती ओढणीत तोंड लपवून कॉलेजला गेली. तिला तसं जाताना पाहून मला दंडारीला न गेलेला मीच आठवलो. बाटलीवर शंभर टक्के शुद्ध लिहिलेलं होतं आणि तिला वाटलं, शुद्ध म्हणजे जास्त चांगलं. अभ्यासात होतं पाच टक्के, तिने लावलं शंभर. प्रमाण या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत, पुरावा आणि मात्रा. आमच्या घरात दोन्हींचा विसर पडला होता.

अजून दोन गोष्टी लक्षात ठेवा. हे तेल उघडं राहिलं, उन्हात राहिलं की हवेशी संयोग होऊन बदलतं, आणि असं जुनं तेल त्वचेला जास्त झोंबतं. बाटली तपकिरी असते ती त्याचसाठी. आणि ते पोटात घ्यायचं नाही, विषबाधा होते. लहान मुलांच्या हाती तर मुळीच लागू देऊ नका. घरी खोबरेलात मिसळण्यापेक्षा टक्केवारी छापलेलं जेल घ्या आणि आधी कोपराच्या आत थोडं लावून दोन दिवस थांबा. तेलाचं एक आंतरराष्ट्रीय मानकही १९९६ साली ठरलं : तेव्हाच्या अटीनुसार टर्पिनेन-४-ऑल हा गुणकारी घटक किमान ३० टक्के, आणि सिनिओल १५ टक्क्यांच्या आत. म्हणजे बाटलीत काय असायला हवं हे सुद्धा ‘सगळेच म्हणतात’वर सोडलं नाही.

आता आपल्याकडे वळतो. गोंदिया हे नावच गोंदावरून, डिंकावरून पडलं असं सांगतात. डिंक, लाख, मोह, चार, तेंदू यांवर जगलेला हा मुलूख. चारोळी दुधात वाटून तोंडाला लावायची, हे इथल्या कोणत्या घरात ठाऊक नाही? पण घरात ठाऊक असणं आणि जगापुढे सिद्ध करता येणं यांत अंतर आहे, हे हळदीने शिकवलं. १९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम भरण्याचं पेटंट दिलं गेलं. सीएसआयआरने, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख होते, त्याला आव्हान दिलं आणि १९९७मध्ये ते रद्द झालं. ते कशाच्या जोरावर? आमच्या आयांनी खरचटल्यावर दाबलेल्या हळदीच्या जोरावर नव्हे. छापील, तारखेचे ३२ दाखले सादर करावे लागले, त्यांत १९५३चा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता. बोललेलं वाऱ्यावर गेलं, लिहिलेलं कामी आलं.

मग जे कधी लिहिलंच गेलं नाही त्याचं काय? बुंजलुंग बायांचं ज्ञान, सालेकसा-देवरीच्या गोंड वैदूंचं ज्ञान? ते प्रमाण की अप्रमाण? इथे मला वात्स्यायनाचा आधार वाटतो. न्यायभाष्यात तो म्हणतो की ज्याने गोष्ट स्वतः अनुभवली आहे आणि जशी अनुभवली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू आहे! दीड हजार वर्षांपूर्वीचं हे वाक्य मला आजही थक्क करतं. रानातल्या माणसाचा शब्द त्याच्या जातीवरून मोडीत काढायचा नाही आणि ग्रंथातला शब्द जुना म्हणून डोक्यावर घ्यायचा नाही. दोघांनाही एकच प्रश्न विचारायचा : तू पाहिलंस का, आणि पाहिलंस तसंच सांगतोस का?

या कसोटीवर माझी आजी काट्यांपुरती आप्त ठरत नाही. तिचा हेतू सोन्यासारखा होता, पण तिने पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. आणि बाजारातला विक्रेता? त्याने कदाचित पाहिलेलं असतं, पण तसंच सांगण्याची इच्छा असेलच असं नाही. माझा एक विद्यार्थी औषधाच्या एका दुकानातून गोरं करणारं, पुळ्या घालवणारं मलम आणायचा. आठ दिवसांत तोंड गुळगुळीत! त्यात स्टेरॉइड होतं. थांबवलं की पुळ्या दुप्पट, म्हणून परत लावायचं. वर्षभरात त्वचा पातळ झाली, उन्हात जाता येईना. केंद्र सरकारने मार्च २०१८मध्ये अशी चौदा स्टेरॉइड द्रव्यं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा बदल केला. पण कायद्याच्या आधी गिऱ्हाइकाने विचारायला हवं. तीन दिवसांच्या कमळाचं आश्वासन आजही विकलं जातंय, फक्त आता ते ट्यूबमध्ये मिळतं.

नात आता बरी आहे. गालावर हलका डाग आहे, तोही जाईल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. परवा तिने मला विचारलं, “आबा, मग सावरीच्या काट्याचं काय? तो खोटा का?” मी म्हटलं, “खोटा म्हणायलाही प्रमाण लागतं, बाई. तू पुढे विज्ञानाला जाणार आहेस ना? तूच तपास.” शिमग्याच्या सुमारास सावरी फुलल्या की नवेगावच्या रस्त्याला तिला घेऊन जायचं ठरलंय.

तुमच्या घरातही अशी एखादी मुलगी बाटली घेऊन येईल. तिला हो म्हणू नका, नाही म्हणू नका. तिच्याबरोबर बसा आणि दोघं मिळून विचारा, “कशावरून?”