रूसेल, तेओफील
(१८१६–१९०३). फ्रेंच डॉक्टर व राजकारणी. लोझेर प्रांतातून आधी लोकप्रतिनिधी, १८७९ पासून मृत्यूपर्यंत सिनेटर. पेलाग्रा रोगावरील संशोधनासाठीही ते ओळखले जातात. पण त्यांचे खरे मोठे काम तान्ह्या मुलांसाठीचे. त्याकाळी पॅरिसमधील असंख्य अर्भके खेड्यांतल्या दायांकडे दूध पाजायला धाडली जात आणि हेळसांडीने दगावत. रूसेल यांच्या पुढाकाराने २३ डिसेंबर १८७४ रोजी झालेल्या कायद्याने, मोबदला देऊन परक्या घरी ठेवलेले दोन वर्षांखालील प्रत्येक मूल सरकारी देखरेखीखाली आले. दायांची नोंदणी व वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली. घराच्या उंबऱ्याआड कायदा नेण्याचे हे धाडस विलक्षणच. छळ करणाऱ्या आईबापांचा मुलांवरील हक्क काढून घेण्याची तरतूदही त्यांनी लावून धरली. ती १८८९ मध्ये कायद्यात आली.